‘मुळे’ आणि ‘म्हणजे’ : वायूच्या दाबासंबंधीच्या गद्याची चिकित्सा

वायूचे रेणू पात्राच्या भिंतींवर सतत आदळत असतात, त्यामुळे दाब निर्माण होतो, हे विधान मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत आता इतके रूढ झाले आहे की त्याच्या रचनेकडे कोणी थांबून पाहत नाही. विधान सुबोध आहे आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्याला सर्वस्वी चुकीचेही म्हणता येणार नाही. तथापि त्याचा अन्वय लावू गेल्यास मोठी अडचण उभी राहते. पूर्वार्धातील कर्ता अनेकवचनी आहे, उत्तरार्धातील एकवचनी. पूर्वार्धातील क्रियापद क्षणिक घटनेचे आहे. आदळणे घडते आणि संपते. उत्तरार्धातील नाम मात्र स्थिर अवस्थेचे आहे. असंख्य तुटक घटनांपासून एक अखंड अवस्था कशी सिद्ध झाली, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे सारे उत्तर ‘त्यामुळे’ या एका शब्दावर सोपवून वाक्य पुढे निघून जाते.

‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय दोन पृथक् वस्तूंना जोडते. पावसामुळे रस्ता ओला झाला, असे म्हणताना पाऊस निराळा आणि ओल निराळी. पाऊस थांबल्यावरही ओल मागे राहते. वायूच्या दाबाची स्थिती अशी नाही. आघात थांबले तर दाब क्षणभरही मागे उरणार नाही, कारण आघातांहून वेगळी अशी दाब नावाची वस्तू तेथे नव्हतीच. भिंतीच्या एकक क्षेत्रफळाला एकक काळात रेणूंकडून जो संवेग मिळतो, त्याच्या सरासरी मापाला दाब हे नाव आहे. म्हणजे ज्या ठिकाणी भाषेने ‘मुळे’ योजले आहे त्या ठिकाणी ‘म्हणजे’ हवे होते. हा भेद केवळ वैयाकरणाच्या आवडीचा नव्हे. जो विद्यार्थी ‘मुळे’वर विश्वास ठेवतो, तो आघात ही एक गोष्ट आणि त्यांनी उत्पन्न केलेला दाब ही दुसरी गोष्ट, अशी मनाशी जुळणी करतो, आणि पुढे सूत्र बिनचूक मांडूनही त्या सूत्रात काय मोजले आहे हे त्याला सांगता येत नाही.

मराठीतील ‘दाब’ या शब्दाचाही या गोंधळात वाटा आहे. दाबणे ही क्रिया मराठी बोलणाऱ्याच्या मनात सहसा वरून खाली होते, संथपणे होते आणि तिला दाबणारा कोणीतरी लागतो. माती दाबतात, पाय दाबतात, कागदावर वजन ठेवून तो दाबून धरतात. या संस्कारामुळे दाबाची कल्पना नकळत वजनाशी जाऊन चिकटते. वातावरणाच्या बाबतीत ही समजूत काही अंशी खपून जाते, कारण टॉरिचेल्लीच्या १७व्या शतकातील प्रयोगापासून तो दाब हवेच्या स्तंभाचे वजन म्हणूनच ओळखला गेला. परंतु झाकण घट्ट बसविलेला, १० सेंटिमीटर बाजूचा एक घनाकृती डबा घ्यावा. त्यात एक लिटर हवा मावते आणि शून्य अंश सेल्सिअसला तिचे वस्तुमान १.२९ ग्रॅमच्या आसपास असते. नेहमीच्या वातावरणीय दाबाला हीच सव्वा ग्रॅमची हवा डब्याच्या प्रत्येक बाजूवर आतून सुमारे १०३ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने रेटत असते, आणि ज्या बलाने ती बुडाला खाली रेटते जवळजवळ त्याच बलाने झाकणाला वर रेटते. येथे वजनाची कल्पना पार निरुपयोगी ठरते. खाली आणि वर हा भेदच उरत नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की गत्यात्मक सिद्धांताचा मार्ग जितका गणिताने अडविला होता तितकाच तो शब्दांनीही अडविला होता. रॉबर्ट बॉइलने १६६० साली आपल्या ग्रंथाच्या नावातच हवेची ‘स्प्रिंग’ हा शब्द घातला. हवेचे कण लोकरीच्या पुंजक्याप्रमाणे दबतात आणि सोडल्यावर फुगतात, अशी ती कल्पना. तीत कण हलत नाहीत, ताणलेल्या अवस्थेत बसून राहतात. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या खंडात (१६८७) याच स्थिर चित्राला गणिती रूप दिले. लगतचे कण परस्परांना अंतराच्या व्यस्त प्रमाणातील बलाने दूर सारीत असतील, तर दाब घनतेच्या प्रमाणात राहील, असे त्याने सिद्ध केले. न्यूटनचे विधान ‘जर-तर’चे आहे, आणि वायू खरोखरच अशा कणांचे बनलेले आहेत काय, हा प्रश्न त्याने स्पष्टपणे पुढच्या संशोधकांवर सोपविला. पण ग्रंथकर्त्याच्या अधिकारामुळे वाचकांनी संकेतार्थ गाळून निश्चयार्थ तेवढा घेतला. १९व्या शतकाच्या आरंभी डाल्टनसारखा विचक्षण शास्त्रज्ञही न्यूटनने हे सिद्धच केले आहे, अशा समजुतीने लिहीत होता. क्रियापदाच्या अर्थाकडे दुर्लक्ष झाल्याने एका संपूर्ण शास्त्राची दिशा शतकभर चुकावी, याचे याहून ठळक उदाहरण सहज सापडणार नाही.

डॅनियल बर्नूलीच्या ‘हायड्रोडायनॅमिका’चे (१७३८) दहावे प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याची योग्यता कळते. त्याने कल्पिलेले यंत्र अगदी साधे आहे. एक उभे नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्यावर ठेवलेले वजन, आणि खालच्या पोकळीत अतिशय वेगाने इकडून तिकडे धावणारे अगणित सूक्ष्म कण. हे कण दट्ट्यावर वारंवार आदळून त्याला तोलून धरतात. येथे बर्नूलीचे लेखनकौशल्य असे की त्याने वजन आणि आघात यांना दट्ट्याच्या दोन बाजूंना ठेवले आहे. वरून वजन दाबते आहे. खालून कोणीही दाबीत नाही, कण केवळ आदळतात. दट्ट्या स्थिर राहतो यावरूनच दोन्ही क्रिया मापाने समान आहेत हे वाचकाला पटते. ‘दाब निर्माण होतो’ असे म्हणण्याची पाळीच येत नाही. वजन काढा, दट्ट्या वर जाईल. वजन वाढवा, तो खाली येईल, आणि जागा आकसल्यामुळे दट्ट्याजवळच्या कणांची संख्याही वाढेल आणि त्यांचे आघातही अधिक वेळा होतील. हे दोन परिणाम एकत्र गुणून तो बॉइलच्या नियमापर्यंत पोचतो. वेग वाढला तर प्रत्येक आघात अधिक जोराचा होतो, शिवाय आघातांची संख्याही वाढते, म्हणून दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही त्याने नेमके सांगितले. विवेचन थोडक्यात आहे, पण मूळ युक्तिवादात काही उणे नाही.

असे असूनही हे प्रकरण जवळजवळ १२० वर्षे निष्फळ राहिले. पाण्याच्या प्रवाहावरील ग्रंथात ते दडले होते, हे एक कारण. दुसरे आणि अधिक खोलवरचे कारण म्हणजे उष्णतेला त्या काळी द्रव्याचे नाम लाभले होते. लाव्हाझिएने १७८९ साली दिलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत ‘कॅलरिक’ हा उष्णताद्रव इतर मूलद्रव्यांच्या पंगतीला बसला. जी वस्तू यादीत नामाने आली, तिला क्रियापदात विरघळवणे फार कठीण जाते.

या दीर्घ मौनाचा सर्वांत वेदनाजनक अध्याय मुंबईत घडला आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन (जन्म १८११) हा स्कॉटिश अभियंता ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांना शिकविण्यासाठी मुंबईस होता. तेथूनच १८४५ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक प्रबंध पाठविला. मुक्त, पूर्णपणे स्थितिस्थापक आणि गतिमान अशा रेणूंच्या माध्यमाचे पदार्थविज्ञान, असा त्याचा विषय. दाब हा रेणूंच्या संख्येच्या, वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि समान तापमानाला निरनिराळ्या वायूंच्या रेणूंच्या वेगांचे वर्ग त्यांच्या वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात, हे त्यात होते. एका परीक्षकाने हा लेख निव्वळ निरर्थक ठरविला. संक्षेप तेवढा १८४६ साली छापला गेला, मूळ हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात पडून राहिले, आणि लेखकाने स्वतःजवळ प्रत ठेवलेली नव्हती. लॉर्ड रॅलेने ते १८९१ साली शोधून काढले आणि १८९२ साली प्रसिद्ध केले. वॉटरस्टन तोपर्यंत हयात नव्हता. १८८३च्या जून महिन्यात एडिंबरोतील आपल्या घरातून तो बाहेर पडला तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

रॅलेने लेखाला जोडलेल्या प्रस्तावनेत तरुण आणि अपरिचित लेखकांना असा सल्ला दिला आहे की मोठ्या कल्पना मांडण्यापूर्वी मर्यादित व्याप्तीच्या कामाने आधी मान्यता मिळवावी. रॅलेच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याने हस्तलिखित शोधले नसते तर ते आजही दप्तरात असते. परंतु हा सल्ला चमत्कारिक आहे. दोष परीक्षकाच्या वाचनात होता, आणि उपाय लेखकाला सांगितला जात आहे. निरर्थक हा शब्द तर अधिकच विचार करण्यासारखा आहे. विधान असत्य आहे असे म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. विधानाला अर्थच नाही म्हटले की ते कष्ट वाचतात. वॉटरस्टनची वाक्ये व्याकरणाने शुद्ध होती आणि त्यातील प्रत्येक शब्द परीक्षकाला परिचित होता. त्याला अपरिचित होता तो त्या शब्दांचा संबंध. आघात आणि दाब हे दोन भिन्न प्रकरणांतील शब्द एकाच वस्तूची नावे असू शकतात, हा तो संबंध.

हा संबंध शीर्षकातच उघड मांडण्याचे श्रेय रुडॉल्फ क्लॉसिअसला द्यावे लागेल. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन लेखाचे नाव ‘ज्या गतीला आपण उष्णता म्हणतो तिच्या प्रकाराविषयी’ अशा अर्थाचे आहे. गतीमुळे उष्णता उत्पन्न होते, असे क्लॉसिअस म्हणत नाही. गती आहे, आणि तिला आपण उष्णता म्हणतो. नामकरणाचे क्रियापद योजून त्याने कार्यकारणाचा सारा घोळ बाजूस सारला. लेखातही हीच शिस्त आहे. प्रत्येक रेणू भिंतीवरून गुळगुळीत चेंडूप्रमाणे नेमक्या कोनात परत फिरतो, असा आग्रह तो धरीत नाही. एकूण समुदायात जितके रेणू ज्या वेगाने येतात, सरासरीने तितकेच त्या वेगाने परत जातात, एवढे त्याला पुरेसे आहे. व्यक्तीविषयी मौन पाळून समुदायाविषयी निश्चयाने बोलणारे हे गद्य त्या काळात नवे होते. बर्फाच्या द्रवणांकाला ऑक्सिजनच्या रेणूचा वेग सेकंदाला ४६१ मीटर, नायट्रोजनचा ४९२ आणि हायड्रोजनचा १८४४ मीटर, हे त्याचे आकडे आजही मान्य होण्यासारखे आहेत. एवढा वेग असूनही खोलीतला वास एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वेळ का लागतो, हा बाइस बॅलटचा आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर देताना १८५८ साली क्लॉसिअसला सरासरी मुक्त पथाची कल्पना सुचली. रेणू जोराने धावतो खरा, पण परस्परांच्या टकरींमुळे त्याला पल्ला गाठता येत नाही.

याच ठिकाणी आजच्या पाठ्यपुस्तकी विवेचनातील एका रूढ कथेची झडती घेणे आवश्यक आहे. एक रेणू घनाकृती डब्यात समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करतो, प्रत्येक फेरीत भिंतीला ठराविक संवेग देतो, आणि अशा सर्व रेणूंची बेरीज केली की दाब मिळतो, अशी ही कथा. तिचे उत्तर बरोबर येते आणि एकतृतीयांश हा गुणकही तीन दिशांच्या समानतेतून सहज निघतो. पण साध्या हवेत असा प्रवास कोणताही रेणू करीत नाही. त्याची सेकंदाला काही अब्ज वेळा टक्कर होते, आणि दोन टकरींमधले अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. तरीही हिशेब चुकत नाही, कारण टकरीत एका रेणूने गमावलेला संवेग दुसरा घेतो आणि एकूण ओघ तसाच भिंतीपर्यंत पोचतो. ही पुस्ती न जोडता कथा सांगितली, तर वाचकाची दोन्हीकडून फसगत होते. एक तर तो कथेला वर्णन समजतो. किंवा रेणूंच्या आपसातील टकरींनी दाब वाढत असला पाहिजे, असे त्याला वाटू लागते. ही दुसरी समजूत विद्यार्थ्यांत किती चिवट असते, हे शिकविणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

मॅक्सवेलने १८७३ साली ब्रॅडफर्ड येथे रेणूंविषयी दिलेले व्याख्यान शास्त्रीय गद्याचा नमुना म्हणून वाखाणले जाते, आणि ते योग्यही आहे. त्यातील दोन प्रतिमा येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. सभागृहातल्या हवेचे सारे रेणू एकाच दिशेने निघाले तर मिनिटाला १७ मैल वेगाचा वारा सुटेल आणि तोफेच्या तोंडाशीच काय तो असा वारा असतो, हे सांगून तो विचारतो की मग आपण येथे उभे कसे? पाठीवर आदळणारे रेणू तोंडावर आदळणाऱ्या वादळाला तोलून धरतात म्हणून, हे त्याचे उत्तर. आपण पडत का नाही हे या उत्तराने कळते, चिरडले का जात नाही हे कळत नाही. परंतु मॅक्सवेल इतका ढिला लेखक नव्हे. हा मारा क्षणभर थांबला तर शिरा फुगतील आणि श्वास निघून जाईल, असे तो लगेच पुढे सांगतो, आणि शरीर आतूनही तितकेच बाहेर रेटीत आहे हे त्या एका भयंकर कल्पनेतून वाचकाच्या ध्यानी येते. युद्धाची परिभाषा मात्र खटकते. मराठीत तिचा अनुवाद ‘भडिमार’ असा करावा लागेल, आणि भडिमार म्हटला की रोख आला, लक्ष्य आले. रेणूंना लक्ष्य नाही, आणि नाही म्हणूनच वायूचा दाब सर्व दिशांना सारखा असतो. प्रतिमेने नेमके तेच झाकले.

दुसरी प्रतिमा मधमाश्यांच्या थव्याची. प्रत्येक माशी वेड्यासारखी इकडून तिकडे उडते, थवा मात्र एका जागी तरंगतो किंवा सावकाश पुढे सरकतो. निवांत हवेचे हे चित्र फार सुंदर आहे. वारा आणि रेणूंची गती यांतला भेद याहून थोडक्यात सांगता येणे कठीण, आणि ज्या भाषेत ‘वायू’ हा शब्दच वाहणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे त्या भाषेच्या वाचकाला तर ते विशेष उपयोगाचे आहे. पण थवा स्वतःहून एकत्र राहतो, त्याला पात्र लागत नाही. वायूला भिंती नसतील तर तो पांगेल. म्हणजे ही प्रतिमा वायूची शांतता समजावते, दाब समजावू शकत नाही. मॅक्सवेलने तिला दाबाच्या कामी लावलेही नाही. ती चूक अनुकरण करणाऱ्यांची आहे.

मराठी परिभाषेत ‘मॉलिक्यूल’ला ‘रेणू’ म्हणण्याचा संकेत पडला. (हिंदीत त्यालाच ‘अणु’ म्हणतात आणि मराठीतील अणूला ‘परमाणु’, त्यामुळे दोन्ही भाषांतील पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याची चांगलीच तारांबळ उडते.) संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, आणि गवाक्षातून येणाऱ्या किरणात थरथरताना दिसणाऱ्या धूलिकणाला ‘त्रसरेणू’ असे जुने नाव आहे. शब्दाच्या पोटात गती आहे, हे परिभाषाकारांचे भाग्य म्हणायचे. मात्र या भांडवलावर कणादाच्या पदरी वायूंचा गत्यात्मक सिद्धांत बांधण्याचा जो उत्साह अधूनमधून दिसतो, त्याला आधार नाही. आघातांची गणना करून दाबाचे माप काढणे हा या सिद्धांताचा प्राण आहे, आणि तसा हिशेब वैशेषिकांनी मांडलेला नाही. शिवाय उन्हाच्या तिरिपेत धूलिकण नाचतात ते बहुतांशी हवेच्या झोतांमुळे, एकेका रेणूच्या धक्क्याने नव्हे.

‘म्हणजे’ची बाजू घेताना एक सावधगिरी पाळावी लागते. मराठीतील ‘म्हणजे’ दोन कामे करते. चतुर्भुज म्हणजे चार हातांचा, यात केवळ शब्दाचा अर्थ आहे. सायंकाळी दिसणारी शुक्राची चांदणी म्हणजेच पहाटेची चांदणी, यात शोध आहे. फ्रेगेने १८९२च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच उदाहरणावर अर्थ आणि निर्देश यांतील भेद उभा केला. (वॉटरस्टनचा प्रबंध छापला गेला ते साल हेच, हा निव्वळ योगायोग.) दाब म्हणजे आघातांचा संवेग, हे विधान दुसऱ्या जातीचे आहे. दाबमापकाने दाब मोजणाऱ्याला रेणू ठाऊक असण्याची गरज नव्हती, आणि टॉरिचेल्लीला ते ठाऊक नव्हतेही. म्हणून पाठ्यपुस्तकात ‘म्हणजे’ नुसते घालून भागणार नाही. दोन वेगळ्या वाटांनी गाठलेली वस्तू एकच निघाली, हे वाचकाला दाखवावे लागेल, आणि त्यासाठी बर्नूलीच्या दट्ट्याइतके सोयीचे साधन अद्याप दुसरे सापडलेले नाही.

आता राहिला अनेकवचनापासून एकवचनापर्यंतचा प्रवास. नेहमीच्या हवेत भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर एका सेकंदात होणाऱ्या आघातांची संख्या लिहावयाची तर ३ या अंकापुढे तेवीस शून्ये द्यावी लागतात. सेकंदाचा दशलक्षावा भाग घेतला तरी शून्ये सतराच्या खाली येत नाहीत. एवढ्या मोठ्या संख्येत योगायोगाने होणारा कमीअधिकपणा तिच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे अब्जात सुमारे दोन. इतका सूक्ष्म फरक कोणत्याही साध्या दाबमापकाला जाणवणार नाही. दाबाचे एकवचन या संख्येवर उभे आहे. क्षेत्रफळ पुरेसे लहान केले किंवा पुरेसे नाजूक साधन वापरले, तर ते एकवचन डळमळू लागते. ब्राउनने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातील कणांची न थांबणारी चळवळ पाहिली आणि आइन्स्टाइनने १९०५ साली तिचा हिशेब लावला. ते माध्यम द्रवाचे होते. वायूच्या बाबतीत १९३१ साली कॅप्लरने अत्यंत बारीक तंतूला टांगलेल्या चिमुकल्या आरशाच्या हालचालीचे आलेख घेतले. भोवतालची हवा विरळ केली की आलेखाची रेषा मऊ होते, दाट असली की ती दातेरी दिसते, पण आरशाच्या विचलनाच्या वर्गाची सरासरी तापमान सारखे असेतो बदलत नाही. आरशाच्या दोन्ही अंगांना दाब समान आहे आणि आरसा स्थिर नाही. या आलेखाखाली मराठीत ओळ लिहावयाची झाल्यास ‘दाब’ हा कर्ता चालणार नाही. तेथे ‘रेणू’ हाच कर्ता घ्यावा लागेल, आणि क्रियापद ‘आदळतात’.